पहिल्यांदा सापडला, म्हणजे पहिल्यांदाच पिऊन चालवली असं नाही

‘पहिलीच वेळ आहे साहेब, सोडा ना.’ पिऊन गाडी चालवताना सापडलेला माणूस हमखास हेच म्हणतो. कागदोपत्री ते खरंही असतं. पण नाकाबंदी रोज नसते आणि प्रत्येक रस्त्यावर तर नसतेच. त्यामुळे आपण ज्याला पहिला गुन्हा म्हणतो, तो बहुतेकदा पहिल्यांदा उघडकीला आलेला गुन्हा असतो. म्हणूनच ‘समज देऊन सोडा’ हे मला पटत नाही. आणि तरीही अशा माणसाला थेट तुरुंगात टाकू नये, या मताचा मी आहे. (कुणाला उडवलं असेल तर हा विषयच संपला. तिथे रीतसर खटला आणि पूर्ण शिक्षा.)

काही दिवसांच्या कैदेत नोकरी जाते, घरच्यांचे हाल होतात, आणि माणूस बाहेर येतो तो पिण्याची सवय जशीच्या तशी घेऊन. दंडाचं तर विचारूच नका. तीच रक्कम एकाचा महिना बुडवते आणि दुसरा ती एका पार्टीत उडवतो. फिनलंडमध्ये १९२१ पासून दंड उत्पन्नाच्या हिशेबाने बसतो, तेवढं तरी सगळीकडे व्हायला हरकत नाही.

पर्यायी शिक्षा म्हटलं की लोकांना नाट्य हवं असतं. थायलंडने २०१६ मध्ये अशा चालकांना शवागारात कामाला पाठवायचं ठरवलं, बातमी जगभर गाजली. अमेरिकेत अपघातात मूल गमावलेली आई या लोकांसमोर बसून बोलते. ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी येतं, ते खोटं नसतं. पण त्यामुळे माणूस पुन्हा पिऊन चालवत नाही, असं अभ्यासांतून ठामपणे दिसलेलं नाही. दिसणार तरी कसं? पश्चात्ताप होतो तो शुद्धीत, आणि किल्ली फिरवली जाते ती दोन-तीन पेगनंतर.

म्हणून तो निर्णय त्याच्या हातातूनच काढून घ्यावा. त्यासाठी इग्निशन इंटरलॉक नावाचं यंत्र आहे. हातात मावेल एवढं, गाडीच्या स्टार्टरला जोडलेलं. त्यात फुंकल्याशिवाय इंजिन सुरू होत नाही आणि श्वासात दारू आढळली की गाडी जागची हलत नाही. मित्राला फुंकायला लावलं तर? बऱ्याच यंत्रांत त्यासाठी कॅमेरा असतो, शिवाय वाटेत मध्येच पुन्हा फुंकायला सांगितलं जातं. तेव्हा नापास झालात तर चालतं इंजिन बंद पडत नाही (ते जीवघेणं ठरेल), पण नोंद होते आणि ती पुढे तपासली जाते. माउथवॉशने चूळ भरून लगेच फुंकलं तरी यंत्र अडतं, तोंड धुऊन थोडं थांबावं लागतं. होऊ दे थोडी गैरसोय! घरी निजायला आणि कामावर जायला तर मिळतंय ना?

अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्याने २००५ मध्ये पहिल्याच गुन्ह्याला हे यंत्र सक्तीचं केलं. यंत्र गाडीत असेपर्यंत पुन्हा पकडलं जाण्याचं प्रमाण साधारण दोन-तृतीयांशाने घटतं. काढलं की मात्र गुण बराचसा ओसरतो, हे त्याच्या समर्थकांनी लपवू नये. म्हणून जोडीला व्यसनाची तपासणी हवी, आणि गरज असेल त्याला उपचार.

साउथ डकोटाने त्याच वर्षी वेगळी वाट धरली, तीही मुख्यतः वारंवार सापडणाऱ्यांसाठी. रोज सकाळ-संध्याकाळ केंद्रावर जाऊन फुंकायचं. नापास झालात की तिथूनच कोठडी, एखाद-दोन दिवसांची, पण लगेच. पुढची तारीख वगैरे काही नाही. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिथे पुन्हा पिऊन चालवल्याच्या अटका १२ टक्क्यांनी घटल्याचं आढळलं. वर्षभराने होणाऱ्या सहा महिन्यांच्या कैदेपेक्षा आजच्या एका रात्रीचा धाक जास्त, हे मला पटतं.

यंत्राचं भाडं बहुतेक ठिकाणी गुन्हेगारच भरतो. ते उत्पन्न बघून घ्यावं, नाहीतर गरीब तुरुंगात आणि पैसेवाला गाडीत, असं व्हायचं. मुदत संपताना शेवटच्या काही महिन्यांत एकदा जरी यंत्राने अडवलं तर मुदत वाढवा. आणि जो दुसऱ्याची गाडी चालवतो त्याच्यासाठी इंटरलॉक कुचकामी आहे, त्याला सकाळ-संध्याकाळच्या फुंकरीलाच बोलवावं लागेल.