गोळ्या बंद करायला सांगणाऱ्या त्या मेसेजबद्दल

माझी आत्या केज तालुक्यात राहते. चौदा वर्षांपासून शुगर आहे, सहा वर्षांपासून बीपी. मागच्या रविवारी गेलो तर ओट्यावर भिंतीला टेकून बसलेली, डोळे खोल गेलेले, सारखं पाणी मागत होती. गोळ्या घेतल्यास का म्हणून विचारलं, तर ज्वारीच्या पिठाच्या डब्यामागून तीन पाकिटं काढून माझ्या हातात दिली. एकही गोळी फोडलेली नव्हती. "अकरा दिस झाले बंद करून. भजनी मंडळाच्या ग्रुपवर आलंय की रे, डॉक्टरच सांगायलाय त्याच्यात." तिथंच मशीनवर थेंब टाकला. 312.

तो मेसेज तुमच्याही ग्रुपवर आला असेल. त्याचं म्हणणं असं : हे अ‍ॅप मोबाइलमध्ये घ्या, 90 दिवसांत शुगर मुळापासून जाईल. गोळ्या आणि इन्सुलिन पहिल्याच दिवशी बंद करा, कारण किडनी गोळ्यांनीच जाते. सोबतचं घड्याळ मनगटावर बांधा, रक्त तपासायची गरज नाही. आणि हे सगळं म्हणे ब्रिटनमध्ये सिद्ध झालंय.

आधी इन्सुलिनचं बोलू, कारण त्या एका शब्दानं जीव जाऊ शकतो. टाइप 1 मधुमेह असलेल्या लेकराच्या शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही. बाहेरून दिलेलं थांबवलं की रक्तात आम्ल साठायला लागतं. उलट्या होतात, पोट दुखतं, धाप लागते. घरच्यांना वाटतं काहीतरी बाधलं असेल, आणि दवाखान्यात न्यायला उशीर झाला तर लेकरू हातचं जातं. मेसेज लिहिणाऱ्यानं टाइप 1, की मोठ्या माणसांत सहसा दिसतो तो टाइप 2, असा एक शब्दसुद्धा लिहिलेला नाही. सगळ्यांना सरसकट बंद करायला सांगितलंय. आत्यानं तर "गोळ्या बंद" एवढंच वाचून बीपीचीही गोळी सोडली होती. साठीच्या बाईचं बीपी अकरा दिवस मोकाट सोडायचं आणि त्याला उपचार म्हणायचं?

आता ब्रिटनचं. ह्यात अर्धं खरं आहे, ते कबूल करतो. तिथं डायरेक्ट नावाचा अभ्यास झाला, 2017 मध्ये लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकात आला. वर्षभरानंतर उपचार घेतलेल्या गटातल्या 46 टक्के लोकांची शुगर औषधाशिवाय मधुमेहाच्या रेषेखाली होती. आणि हो, त्यांच्याही गोळ्या पहिल्याच दिवशी बंद केल्या होत्या. पण कुणाच्या? ज्यांना मधुमेह होऊन सहा वर्षं उलटलेली नव्हती आणि जे इन्सुलिनवर नव्हते, त्यांच्या. तीन ते पाच महिने त्यांना साधारण साडेआठशे कॅलरीचं सूप आणि शेक, एवढाच आहार होता. नर्स किंवा आहारतज्ज्ञ ठरलेल्या दिवशी भेटायचे, शुगर-बीपी बघायचे, वाढलं तर औषध परत सुरू व्हायचं. एवढं करूनही दुसऱ्या वर्षाअखेर 46 चे 36 टक्के झाले. मुळापासून गेली असं त्या संशोधकांनी कुठंही म्हटलेलं नाही. वजन परत वाढलं की शुगर परत येते. आत्याला चौदा वर्षं झालीत. तिचं नाव त्या अभ्यासात घेतलंच नसतं.

किडनीचं तर मी गावोगाव ऐकतो. अमक्याला डायलिसिस लागलं, तो गोळ्या खायचा, म्हणजे गोळ्यांनीच झालं. अहो, तो गोळ्या खात होता कारण त्याला शुगर होती, आणि वर्षानुवर्षं वाढलेली शुगर अन् बीपीच किडनीच्या बारीक रक्तवाहिन्या खराब करतात. मेटफॉर्मिन, म्हणजे शुगरची नेहमीची गोळी, किडनीवाटे बाहेर पडतं, म्हणून किडनी आधीच कमजोर असेल तर डॉक्टर डोस कमी करतात, फारच कमजोर असेल तर थांबवतात. त्यासाठीच तर वर्षातून एकदा रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी कशी चाललीय ते त्यावरून कळतं) आणि लघवीतलं प्रोटीन बघायला सांगतात. मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेतल्यावर काहींचं बी12 जीवनसत्त्व कमी होतं, हे खरंय. त्याची तपासणी आहे, औषधही आहे.

घड्याळाबद्दल एवढंच : सुई न टोचता शुगर दाखवणाऱ्या एकाही घड्याळाला किंवा अंगठीला आपण मान्यता दिलेली नाही, असा इशारा अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे औषधं-उपकरणांना मान्यता देणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेनं, फेब्रुवारी 2024 मध्ये दिला. दंडाला चिकटवतात तो सेन्सर वेगळा, त्याची बारीक तार कातडीखाली जाते.

मोबाइलवर माझा राग नाही, राग आहे तो त्याच्या नावावर चाललेल्या ह्या खेळावर. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांच्या गटानं 2013 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेले 537 पुरुष. आहार-व्यायामाचा सल्ला सगळ्यांनाच दिला, पण निम्म्यांना पुढं दोन वर्षं मोबाइलवर साधे मेसेज जात राहिले, तेही त्या माणसाची तयारी कुठवर आलीय ते बघून. दोन वर्षांत मेसेजवाल्यांपैकी 50 जणांना मधुमेह झाला, दुसऱ्या गटात 73 जणांना. साधा मेसेज! घड्याळ नाही, गोळ्या बंद नाहीत, चमत्कार नाही. फोनचं काम हे असं असतं : आठवण करणं, नोंद ठेवणं, आणि ती नोंद बघून कुणीतरी माणसानं विचारणं की मावशी, ह्या आठवड्यात काय झालं?

आत्याला त्याच दिवशी डॉक्टरांकडं नेलं. गोळ्या परत सुरू झाल्या, डोस त्यांनी ठरवला. फोनमध्ये सकाळी आठ आणि रात्री आठचा गजर लावून दिला. दर सोमवारी आणि गुरुवारी ती मशीनच्या आकड्याचा फोटो मला पाठवते. पहिला फोटो उलटा आला, दुसऱ्यात नुसतं तिचं बोट होतं, तिसऱ्यात 204 नीट दिसत होतं.

मंडळातल्या आणखी दोघींनी गोळ्या सोडल्यात असं ती म्हणाली. ज्यांनी हा मेसेज पुढं पाठवलाय त्यांनी त्याच ग्रुपवर "गोळ्या बंद करू नका" एवढं आज लिहावं, आणि ज्यांनी सोडल्यात त्यांना फोन करावा. गावातल्या आशाताईंना सांगितलं तरी चालेल. शुगर-बीपीची तपासणी आणि रोजच्या वापरातल्या गोळ्या सरकारी आरोग्य केंद्रात फुकट मिळतात. त्या दोघींपैकी एकीचं घर मला माहीत आहे, तिथं मी उद्या जातोय.