बाळंतिणीने सकाळपर्यंत कसं थांबावं

समजा, तुम्ही बाळंत होऊन आठवडा झालाय. रात्रीचा दीड वाजलाय. ओटीपोटात अशी कळ उठते आहे की कूस बदलवत नाही, दोनदा गोळी घेऊन फरक पडलेला नाही, आणि दवाखान्यात जावं की काय, असा एक आगाऊ विचार मनात डोकावतोय. वळणाच्या मुलींच्या मनात असले विचार येत नाहीत. आलाच, तर तो निदान सकाळपर्यंत कसा दाबून धरायचा, त्याचं हे मार्गदर्शन. सकाळ उजाडली की पुढचं सोपं असतं. रात्र निघाली ना, मग आता दुपारपर्यंत बघू, असं म्हणता येतं.

या कामाला शास्त्राचा आधार आहे. बायका बाळंतपणात का दगावतात, याची मांडणी करताना १९९४ साली कोलंबिया विद्यापीठातल्या सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन या दोघींनी उशिराचे तीन प्रकार सांगितले. पहिला उशीर, दवाखान्यात जायचं हे ठरवण्यातला. दुसरा, तिथे पोहोचण्यातला. तिसरा, पोहोचल्यावर उपचार सुरू होण्यातला. दुसऱ्यासाठी खड्डे लागतात, तिसऱ्यासाठी जागेवर नसलेला डॉक्टर लागतो, म्हणजे दोन्हीकडे सरकारवर अवलंबून राहणं आलं. पहिला उशीर मात्र शंभर टक्के घरगुती आहे. तो आपल्या हाताने, कमी साहित्यात होतो.

सुरुवात बैठकीने करावी. बैठक बाळंतिणीच्या खोलीबाहेर घ्यावी, कारण ज्याचं दुखतं त्याला निःपक्षपातीपणे बोलता येत नाही. आई, आजी, वहिनी एवढी मंडळी पुरेत. शेजारच्या काकू जाग्या असतील तर सोन्याहून पिवळं, कारण त्यांच्या जावेला अगदी असंच झालं होतं आणि ओव्याने राहिलं होतं. दुखणं किती आहे, यावर चर्चा होऊ देऊ नये. विषय एकच: सासरी कळवायचं कसं? न कळवता नेलं तर ‘आमच्या सुनेला परस्पर ॲडमिट केलं’, आणि कळवून नेलं तर ‘आठ दिवस झाले नाहीत तोवर माहेरच्यांनी हिला खाऊ तरी काय घातलं?’ शिवाय हिशेबाचा प्रश्न आहेच. पहिलं बाळंतपण माहेरी, डिलिव्हरीचं बिल वडिलांनी भरलं, इथपर्यंत सगळं स्वच्छ. पण घरी आणल्यावर पुन्हा ॲडमिट करायची वेळ आली, तर तो खर्च बाळंतपणात धरायचा की आजारपणात? बाळंतपण माहेरचं, आजारपण सासरचं. या प्रश्नाचा निकाल कुठल्याही घरात रात्रीच्या रात्री लागत नाही, म्हणून वेळ काढायला हाच विषय घ्यावा. नवऱ्याला फोन जरूर लावावा. तो पुण्याला कंपनीत असतो, झोपेतून उठतो, घाबरतो, आणि म्हणतो, ‘थांब, मी आईला विचारून सांगतो.’ अर्धा तास गेला.

मग आजींची साक्ष काढावी. ‘मला नऊ झाली. सकाळी बाळंत झाले आणि संध्याकाळी भाकऱ्या थापल्या.’ ही साक्ष उलटतपासणी न करता मान्य करावी. पणजोबांची दोन लग्नं का झाली, हे विचारू नये. जुन्या घरांत अशी एक पहिली बायको बऱ्याचदा असते, आणि ‘ती बाळंतरोगाने गेली’ एवढं सांगून लोक पान लावायला घेतात. ज्या जगल्या त्या नातवंडांना गोष्टी सांगतात. ज्या गेल्या त्यांना साक्षीला बोलावता येत नाही. तेव्हा पूर्वीच्या बायका काटक होत्या, हे आपोआपच सिद्ध झालं.

कोणी म्हणेल, हा गरिबीचा आणि अडाणीपणाचा प्रश्न आहे. अजिबात नाही. रावेर ओलांडलं की लागणाऱ्या बऱ्हाणपुरात १६३१ साली मुमताजमहल चौदाव्या बाळंतपणात गेली, आणि तिचा नवरा हिंदुस्थानचा बादशहा होता. पण तेव्हा इलाजच नव्हता. आज रक्त थांबवणारी इंजेक्शनं आहेत, अँटिबायोटिक आहेत, झटके रोखणारं मॅग्नेशियम सल्फेट आहे, रक्तपेढ्या आहेत. त्यामुळे आज बाळंतीण गमवायची तर कष्ट घ्यावे लागतात. शहाजहानचं नुसतं रडून भागलं, आपल्याला बैठका घ्याव्या लागतात.

आता प्रत्यक्ष दुखण्याकडे वळू. इथे निसर्गानेच एक सवलत दिली आहे, तिचा पुरेपूर गैरफायदा घ्यावा. बाळंतपणानंतर गर्भपिशवी आकसते, त्याच्या कळा येतात. बाळाला पाजताना जास्त येतात, दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला आणखी जोराने. त्या साध्या गोळीने कमी होतात आणि तीन-चार दिवसांत ओसरतात. यातला पूर्वार्ध तेवढा पाठ करावा, ‘कळा या यायच्याच.’ गोळीने कमी होतात, ओसरतात, हा उत्तरार्ध विसरावा. म्हणजे आठव्या दिवशी वाढत चाललेली कळही त्याच खात्यावर टाकता येते.

अंगावरून जास्त जातंय? खराब रक्त आहे, गेलेलं बरं. तासाभरात पॅड पूर्ण भिजतोय, लिंबाएवढ्या गाठी पडताहेत, उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते, असं असेल तर डिंकाचा एक लाडू वाढवावा. रक्तस्राव हे आपल्या देशात मातामृत्यूचं सर्वांत मोठं कारण आहे, पण तो फक्त पहिल्या दिवशीच होतो, असा समज घरात असू द्यावा. वारेचा तुकडा आत राहिला असेल किंवा गर्भपिशवीत संसर्ग झाला असेल, तर तो दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातही सुरू होतो, ही माहिती डॉक्टरांपुरती ठीक आहे.

आणि रक्त दिसतच नसेल, तर मग काय प्रश्नच मिटला. यातला एक प्रकार तर मला खास वाटतो. प्रसूतीनंतर काही तासांत कधी कधी योनिमार्गाच्या भिंतीत आतल्या आत रक्त साकळत जातं. बाहेर फारसं काही दिसत नाही. बाई सांगत असते, असह्य दुखतंय, खाली सगळा भार आलाय, शौचाला लागल्यासारखं वाटतंय, बसवत नाही. यावरचं उत्तर ठरलेलं आहे: ‘टाके आहेत, दुखणारच.’ हे घरच्यांनीच म्हणावं असंही नाही, वॉर्डातूनही ते मिळतं, आणि त्यात खोटं तर काहीच नाही. टाके घातलेल्या सगळ्याच बायकांना दुखतं. हिला त्यांच्याहून इतकं जास्त का दुखतंय, असं विचारलं तर कोणाला तरी खुर्चीतून उठून बघायला यावं लागेल.

घरात थर्मामीटर ठेवू नये. त्यावर १००.४ फॅरनहाइट दिसलं की माणसं उगाच हलतात. हात लावून बघितलं तर ‘दूध उतरतंय, म्हणून अंग कोमट लागतंय’ असं म्हणता येतं. जोडीला ओटीपोट दुखत असेल, थंडी वाजत असेल, अंगावरून जाणाऱ्याला घाण वास येत असेल, तर धुरी द्यावी. धुरीने वास जातो. बाळंतज्वराच्या बाबतीत आगाऊपणा करणाऱ्यांचं काय होतं, याचा दाखला इतिहासात आहे. व्हिएन्नाच्या रुग्णालयात १८४७ साली इग्नाझ सेमेलवाइस नावाच्या डॉक्टराने सहकाऱ्यांना सांगितलं की प्रेतं चिरून तसेच बाळंतिणींना तपासायला येऊ नका, क्लोरीनच्या पाण्याने हात धुवा. मृत्यू झपाट्याने कमी झाले. सेमेलवाइसची नेमणूक काही पुढे वाढवली गेली नाही, आणि १८६५ साली तो वेड्यांच्या इस्पितळात मेला. नुसते हात धुवा म्हणणाऱ्याची ही गत, तर थर्मामीटर आणा म्हणणाऱ्या वहिनीने विचार करून बोलावं.

डोकं ठणकत असेल तर कानात वारा गेला. डोळ्यांपुढे काजवे चमकतात त्याला जागरण म्हणावं, उजव्या बरगडीखालच्या दुखण्याला पित्त, आणि तोंडावरच्या सुजेला बाळसं. कारणं वेगवेगळी ठेवावीत, एकत्र केली की कोणाला तरी बीपी मोजावंसं वाटतं. ‘नऊ महिने बीपी नॉर्मल होतं,’ हे ठासून सांगावं. बाळंतपणानंतर ते पहिल्यांदाच चढू शकतं आणि झटके येऊ शकतात, असं डॉक्टर म्हणतात. डॉक्टर काय, काहीही म्हणतात.

एकाच पायाची पोटरी सुजून दुखते आहे? मालिशवाल्या बाईंना जोर लावायला सांगावं. शिरेत रक्ताची गुठळी असेल तर ती सुटून थेट फुप्फुसात जाते, म्हणजे पाय मोकळाच झाला की. नंतर छातीत दुखलं, दम लागला, तर तो अशक्तपणा. आणि आपल्याला काय होतंय हे आपल्याला कळतं, असा कोणाचा गैरसमज असेल तर त्यांनी सेरेना विल्यम्सचं उदाहरण घ्यावं. २०१७ साली तिला सिझेरियन होऊन मुलगी झाली, आणि दुसऱ्याच दिवशी श्वास लागला. फुप्फुसातल्या गुठळीचा त्रास तिला आधी होऊन गेला होता, म्हणून तिने नर्सला नेमकं सांगितलं की सीटी स्कॅन करा आणि रक्त पातळ करणारं औषध सुरू करा. नर्सला वाटलं, वेदनाशामकाच्या गुंगीत बाई बरळतेय. डॉक्टरांनी आधी पायांची सोनोग्राफी केली, त्यात काही निघालं नाही. मग सीटी स्कॅन केला, तर फुप्फुसात गुठळ्या. तेवीस ग्रँड स्लॅम जिंकलेल्या बाईचं जिथे एका झटक्यात ऐकून घेतलं जात नाही, तिथे तुम्ही तुमचं बी.कॉम. घेऊन कुठे बसलात?

आशाताईंपासून सावध राहावं. त्या तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी आणि पुढेही बेचाळिसाव्या दिवसापर्यंत येत राहतात. त्यांना बाळ द्यावं. बाळाचं वजन होतं, सगळे काट्याभोवती जमतात, किती ग्रॅम वाढलं यावर घरात आनंदीआनंद होतो. आई मागे भिंतीला टेकून उभी असते, तिने हसावं. ‘तुम्ही कशा आहात?’ असं त्यांनी विचारलंच, तर उत्तर आजींनी द्यावं.

इतकं करूनही डॉक्टरांना फोन करायची वेळ आलीच, तर भाषेवर ताबा ठेवावा. ‘थोडंसं दुखतंय, एखादी गोळी सांगता का?’ एवढंच. ‘गोळी घेऊनही वाढतंच आहे’ हे वाक्य टाळावं, ते ऐकून डॉक्टर जागे होतात. कॅज्युअल्टीत गेलात तर ‘मी आठ दिवसांची बाळंतीण आहे’ हे दारातच सांगू नये. बाळ घरी ठेवून आलेली बाई बाळंतीण दिसत नाही. तुम्ही सांगितलं नाहीत तर पोटदुखीचं इंजेक्शन घेऊन तासाभरात घरी येता, सांगितलंत तर सगळी चक्रं फिरतात.

तसंही सव्वा महिना बाळंतिणीने उंबरा ओलांडायचा नसतो. बाळंतपणानंतरचा धोक्याचा काळ डॉक्टर सहा आठवडे धरतात. म्हणजे बाहेर पडायची परवानगी मिळेपर्यंत बहुतेक धोका टळलेला असतो, किंवा त्याने आपलं काम उरकलेलं असतं. पूर्वज काही उगाच ठरवून गेले नाहीत.

राहता राहिला पैशांचा मुद्दा. हा मुद्दा सगळ्यांत भक्कम, त्यामुळे त्याला धक्का लावणारी माहिती घरात येऊ देऊ नये. २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यातलं बाळंतपण मोफत आहे, सिझेरियन, औषधं, तपासण्या, रक्त, जाण्यायेण्याची गाडी, सगळं धरून. २०१४ पासून बाळंतपणानंतर उद्भवणारी दुखणीही त्यात घेतली आहेत. हे कळलं तर हा खर्च माहेरचा की सासरचा, हा प्रश्नच निकालात निघेल, आणि मग मंडळींनी रात्रभर बोलायचं तरी कशावर?

१०८ ला तर मुळीच फोन करू नये. ही गाडी राज्यात कुठेही फुकट येते, बरोबर डॉक्टर असतो, हे मान्य. पण पलीकडचा माणूस विचारतो काय? त्रास काय होतोय आणि पत्ता काय. सासरी कळवलंत का, मोठ्यांना विचारलंत का, बारशाची आमंत्रणं गेली आहेत त्याचं काय, आजूबाजूचे काय म्हणतील, यातलं एक अक्षर तो विचारत नाही, आणि सरळ गाडी सोडून मोकळा होतो. असल्या माणसाच्या भरवशावर घरातली बाळंतीण अपरात्री बाहेर पाठवायची म्हणजे काय!