आधी बोट टेकवायला तर शिकवा!

"नमस्कार मित्रांनो, चॅनलला सबस्क्राइब करा, बेल आयकॉन दाबा." अरे, बेल आयकॉन म्हणजे काय हेच ज्याला माहीत नाही, त्याच्यासाठीच केलाय ना तुम्ही व्हिडिओ? वर नाव काय दिलंय, तर "मोबाईल शिका अगदी सोप्या भाषेत"!

चार दिवस झाले, डोकं नुसतं तापलंय. चोपडा तालुक्यात आमची कपाशी. नाना, म्हणजे माझे वडील, सदुसष्ट वर्षांचे. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली, पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाईलवरून करायची. नोंद राहिली की भरपाईच्या वेळी हेलपाटे ठरलेले. दरवर्षी कुणाच्या तरी पोराच्या विनवण्या करायच्या, म्हणून यंदा नानांनी मनावर घेतलं, मी शिकतो. मी पुण्याहून व्हिडिओ पाठवत राहिलो आणि पोळ्याला घरी आल्यावर त्यांच्या शेजारी बसून पाहिलं, तेव्हा कळलं काय चाललंय ते.

नाना अ‍ॅपच्या चित्रावर अंगठा दाबून धरतात. जन्मभर वखर धरलेला हात आहे तो, जोर लावल्याशिवाय काही होत नाही एवढंच त्याला ठाऊक. मग ते चित्र जागचं सुटतं, अंगठ्यासोबत सरकतं, दुसऱ्या चित्रावर जाऊन बसतं. अ‍ॅप काही उघडत नाही. "आते काय करू?" म्हणून माझ्याकडे बघतात, आणि पोटात कालवतं हो. हलकं टेकवायचं, लगेच उचलायचं. एवढं एक वाक्य! त्या रात्री दहा व्हिडिओ पाहिले मी, एकातही ते नाही.

सगळ्यांची सुरुवात "लॉगिन झाल्यावर" पासून. ओटीपी टाका म्हणे. तो येतो कुठे? मेसेज बघायला गेलं की अ‍ॅप मागे पडतं, परत यायचं कसं? लोकेशन चालू करा म्हणे. वरून खाली बोट ओढलं की पट्टी उतरते, हे कोण सांगणार? बोलणाऱ्याचं बोट दिसतच नाही, पडदा आपला फटाफट बदलत राहतो. आणि ओटीपी फोनवर कुणालाही सांगायचा नाही, पैसे गेलेच तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करायचा, हे तर पहिल्या धड्यात हवं. तिथे जाहिरात असते.

सरकारचंही तेच. खेड्यापाड्यातल्या लोकांना डिजिटल साक्षर करायला 2017 मध्ये पीएमजीदिशा योजना आणली, 20 तासांचा अभ्यासक्रम. वयाची अट 14 ते 60! ज्या माणसाला हात धरून शिकवायची सगळ्यात जास्त गरज, त्यालाच दाराबाहेर ठेवलं. कुठल्या हिशोबाने?

भाषेचं तर बोलूच नका. नाना घरात अहिराणी बोलतात. "सत्यापन", "प्रमाणीकरण" ऐकलं की त्यांना वाटतं कोर्टाचं काम आहे. "खरं नाव शे का ते बघतंस" असं म्हटलं की लगेच कळतं त्यांना.

शेवटी कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर मीच मोठ्या अक्षरात लिहिलं: टेकवा, उचला. खाली परत यायचा बाण काढला. ते पान नानांनी चष्म्याच्या डबीत घडी करून ठेवलंय. लाखो लोक बघतात त्या व्हिडिओंत एवढं घालायला तुम्हाला दोन मिनिटं सापडत नाहीत?