कुंडीतली ओली माती

आज सकाळी चहा गाळत होते आणि सोसायटीच्या ग्रुपवर फोटो पडला. आमच्या वरच्या मजल्यावर तीन मुली भाड्याने राहतात. त्यातली एक रात्री सव्वाएकला दाराचं कुलूप उघडते आहे, पाठीला लॅपटॉपची बॅग, शेजारी एक मुलगा तिची पिशवी धरून उभा. फोटो टाकला होता तिच्या घरमालकांनी. ते राहतात नाशिकला. दिवाळीनंतर त्यांनी मुलींच्या दारासमोर कॅमेरा बसवला. त्याचं तोंड जिन्याकडे नाही, लिफ्टकडे नाही, थेट त्यांच्या दारावर आहे. दार उघडलं की हॉलमधला सोफासुद्धा दिसत असणार. फोटोखाली ओळ होती, 'कमिटीने लक्ष घालावे.' नऊ वाजेपर्यंत अकरा जणांनी होकाराचा अंगठा टाकला होता.

तो मुलगा तिचा कोण लागतो हे मला माहीत आहे. मी ते इथे लिहिणार नाही. कुणालाही ते सांगायला ती बांधील नाही.

तिची हिंजवडीत दुपारची शिफ्ट असते, बाराला सुटते, घरी यायला एक वाजतो. हेही खरं तर मी सांगायला नको होतं. पण बघा ना, आपण लगेच सफाई द्यायला लागतो. स्वतःच्या घराचं कुलूप स्वतःच्या किल्लीने उघडणाऱ्या मुलीची सफाई!

मला आज इतकं का लागलं ते सांगते. माझ्या माहेरीसुद्धा हे कुणाला ठाऊक नाही.

2009 साल. लग्नाला दीड वर्ष झालेलं, आम्ही कर्वेनगरला एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर राहत होतो. दोन खोल्या, छोटी गच्ची. खाली मालक, आम्ही त्यांना काका म्हणायचो. चावी देताना काका म्हणाले होते, दुसरी चावी हरवली, एकच आहे, सांभाळा. मे महिन्यात चार दिवस कोल्हापूरला गेलो. परत येताना एसटीत माझ्या मनात फक्त तुळस होती, एवढ्या उन्हात ती वाळलीच असणार. आमची तुळस स्वयंपाकघराच्या खिडकीत, आतल्या बाजूला असायची. घरात शिरले, पर्स खांद्यावरच, आधी तिच्यापाशी गेले. हिरवीगार. मातीत बोट घातलं तर दुसऱ्या पेरापर्यंत ओली.

नवरा म्हणाला, अरे वा, काकांनी पाणी घातलेलं दिसतंय. तो खूश झाला. मी बोट तसंच मातीत ठेवून उभी राहिले.

दोन दिवसांनी जिन्यात काका भेटले. अगदी मायेने म्हणाले, 'काळजी करू नको गं, होईल मूल. हल्ली औषधं चांगली निघाली आहेत.' माझी डॉक्टरांची फाइल कपाटात होती, खालच्या कप्प्यात, लग्नातल्या साड्यांच्या खाली. आईला सांगितलं नव्हतं, सासूबाईंना सांगितलं नव्हतं.

आता मला सांगा, तुळशीला पाणी घालायला साड्यांची घडी उचलावी लागते का?

मी काही बोलले नाही. हसले आणि वर गेले. आज त्रेचाळीसाव्या वर्षी मला त्या हसण्याचा संताप येतो. आम्ही बोललो असतो तर घर सोडावं लागलं असतं. तीस हजार डिपॉझिट अडकलेलं, हातात दुसरं घर नाही, आणि लोक म्हणाले असते, अहो पाणीच घातलं ना म्हाताऱ्याने!

त्यानंतरचे सात महिने कसे काढले ते मलाच माहीत. पंख्याच्या वाटीत बघायचे. ट्यूबलाइटच्या पट्टीमागे हात फिरवायचे. बाथरूममधल्या एक्झॉस्टच्या जाळीत रुमाल कोंबून ठेवायचे. आंघोळ दिवा न लावता. कपडे बदलायचे ते पलंग आणि कपाटाच्या मधल्या अरुंद जागेत, खाली बसून. काहीही सापडलं नाही. कदाचित नव्हतंच काही. पण एकदा कुणीतरी तुमच्या मागे घरात फिरून गेलं की भिंतीसुद्धा तुमच्या राहत नाहीत. नवऱ्याला हे कळायला फार वेळ लागला. तो वाईट माणूस नाही, त्याने फक्त ती माती हाताने तपासली नव्हती.

सप्टेंबर 2024 मध्ये दिल्लीच्या शकरपूरमधली बातमी वाचली होती का? स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी मुलगी, भाड्याच्या घरात राहणारी. गावाला जाताना विश्वासाने चावी मालकाच्या मुलाकडे ठेवून गेली. त्याने बाथरूमच्या आणि बेडरूमच्या बल्ब होल्डरमध्ये कॅमेरे बसवले. पकडला गेला. ती बातमी वाचून मी आमच्या आताच्या, स्वतःच्या घराच्या बाथरूममध्ये गेले आणि होल्डरकडे बघत उभी राहिले. पंधरा वर्षांनी! बेडरूमचं, बाथरूमचं चित्रण हा सरळ गुन्हा आहे, पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम 354 क (354-C) होतं, आता भारतीय न्याय संहितेचं कलम 77 आहे, पहिल्या गुन्ह्यालाही वर्ष ते तीन वर्षं कैद आहे. पण माझ्या काकांसाठी कुठलं कलम लावणार होते मी? त्यांनी तर झाड जगवलं होतं.

माझी मैत्रीण वकील आहे, तिला दुपारी फोन लावला. ती म्हणाली, अगं, आपल्याच राज्याचा भाडे नियंत्रण कायदा वाच, 1999 चा. कलम 28. मालकाला घराची पाहणी करता येते, पण आधी कळवून आणि वाजवी वेळी. लीव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे आपल्या नेहमीच्या अकरा महिन्यांच्या करारावर दिलेल्या घरालाही ते लागू आहे. केंद्राने 2021 मध्ये जो आदर्श भाडेकरू कायदा केला त्यात तर किमान चोवीस तास आधी कळवा असं स्पष्ट लिहिलंय, फक्त तो राज्यांनी स्वीकारायचा असतो. म्हणजे 2009 मध्येही माझ्या बाजूने कायदा होता! दहा वर्षं जुना झालेला कायदा, आणि मी अंधारात आंघोळ करत होते. आपल्या अकरा महिन्यांच्या करारात खिळे ठोकू नका, मांसाहार करू नका, पाहुणे राहू देऊ नका हे सगळं असतं. मालकाने न विचारता आत येऊ नये ही एक ओळ मी चौदा वर्षांत सात घरं बदलली, एकाही करारात पाहिली नाही.

बरं, मालकांची बाजू आहे, मान्य. कर्ज काढून घेतलेलं घर कुणी उकिरडा करून जातं, कुणी भाडं थकवतं, कुणी निघतच नाही. भाडेकरूची माहिती पोलिसांना द्यावी लागते, तीही द्या. जिन्यात, गेटवर कॅमेरा हवा, मलाही हवा, आमच्या पार्किंगमधून दोन सायकली गेल्या आहेत. पण जिना सगळ्यांचा आणि दार तिचं, एवढा फरक न कळायला आपण लहान आहोत का? आणि कॅमेरा चोरासाठी होता, तर चोराचा फोटो कुठे आहे? आजवर ग्रुपवर आलेला एकमेव फोटो भाडं भरणाऱ्या मुलीचा आहे.

ऑगस्ट 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्या निकालात कुठेही असं नाही की हा हक्क फक्त ज्यांच्या नावावर सात-बारा आहे त्यांना.

लिहिता लिहिता राग थोडा ओसरला. काकांचं वाईट चिंतत नाही, ते आता नाहीत. त्यांना खरंच वाटत असेल की घर आपलं, मुलं आपली, आपण काय परके? माझं बाळ झालं तेव्हा आम्ही ते घर सोडलेलं होतं, तरी काकू बाळाला बघायला आल्या होत्या, झबलं घेऊन. ते झबलं मी ठेवलंय. पण फाइल काकांनी उघडली होती. दोन्ही खरं आहे, आणि मला त्यातलं दुसरं विसरता येत नाही.

संध्याकाळी ती मुलगी आली होती, आज शिफ्टला गेली नव्हती. दारातच उभी. म्हणाली, 'ताई, ग्रुपवर आमचे नंबर नाहीत, तुम्ही दाखवाल का काय लिहिलंय?' मी दाखवलं. तिने अकरा अंगठे एकेक करून वाचले, नावं वाचली. त्यातल्या एक काकू तिच्याकडून नेहमी ऑनलाइन बिल भरून घेतात. मग हळूच म्हणाली, 'ताई, तुमच्याकडे स्क्रूड्रायव्हर आहे का?'

आम्ही दोघी वर गेलो. मी स्टुलावर, ती मोबाइलचा उजेड धरून. बाथरूमचा होल्डर, बेडरूमचा, गिझरच्या वरची जाळी, दोन्ही पंखे. काही नव्हतं. ती म्हणाली, बरं झालं ना ताई, काही नाहीये. मी हो म्हटलं. मला माहीत होतं की ती आज दिवा लावणार नाही.

खाली येऊन ग्रुपवर लिहिलं, फोटो काढा, कॅमेऱ्याचं तोंड फिरवा, आणि कलम 28 वाचा. तेवीस जणांनी वाचलंय. चेअरमन साहेबांचं उत्तर आलं, मॅडम, उद्या भेटून बोलू. मी उद्या दहाला सोसायटीच्या ऑफिसात जाते आहे. त्या तिघीही येणार आहेत. आमच्या विंगमधले जे कोणी हे वाचत असतील आणि कधीतरी भाड्याने राहिले असतील, त्यांनी पाच मिनिटं आधी खाली लिफ्टपाशी थांबा.