म्हातारा बिफ: ती चूक नव्हे, कापलेला प्रसंग

‘बॅक टू द फ्युचर’ या कालप्रवासावरच्या हॉलिवूड चित्रपटमालिकेच्या 1989 च्या दुसऱ्या भागाबद्दल एक दावा फिरतोय: खलनायक बिफ म्हातारपणी, 2015 मधून, कालप्रवास करणाऱ्या गाडीने 1955 मध्ये जाऊन इतिहास बदलतो, तरी 2015 मध्ये धडधाकट परततो, म्हणजे त्या बदलाचा परिणाम त्याच्यावरही व्हायला हवा, हे लेखक-दिग्दर्शक विसरले. हे खरं नाही. तो प्रसंग पुन्हा बघा. गाडीतून उतरताना बिफ वेदनेने कळवळतोय आणि त्याच्या काठीची मूठ तुटून गाडीतच राहते. पुढे बदललेल्या इतिहासामुळे त्याचं विरून नाहीसं होणंही चित्रित झालं होतं. अंतिम चित्रपटातून ते कापलं, पण डीव्हीडीवर आहे. आजूबाजूचं 2015 मात्र तसंच का राहतं, हा आक्षेप रास्त आहे. त्यावर जरूर भांडा, पण बिफला विसरल्याचा ठपका ठेवू नका.