सबाउदियाचं मूळ शेतीत आहे

इटलीतल्या सबाउदिया या गावावरच्या तुमच्या लेखात तिथलं स्थापत्य आणि समुद्रकिनारा छान आलाय, पण हे गाव शेतीसाठी वसवलं, ते राहून गेलं. गावाच्या जागी पूर्वी असलेली रोमच्या दक्षिणेची दलदल मलेरियामुळे जवळजवळ ओसाड होती. मुसोलिनीच्या राजवटीत कालवे खणून, पंप लावून पाणी काढलं आणि १९३४ मध्ये गावाचं उद्घाटन झालं. उत्तर इटलीतल्या वेनेतो, फ्रिउलीकडची गरीब कुटुंबं आणून त्यांना घर-जमीन दिली. दलदल उपसणारे मजूर मात्र हिवतापाने आजारी पडले, त्यांचं नाव कोणी घेत नाही. आज याच पट्ट्यात पंजाबी शीख मजूर राबतात. २०२४ मध्ये लातिना शहराजवळच्या शेतात एकाचा हात यंत्रात तुटला, त्याला दवाखान्यात न नेता घराजवळ सोडून दिलं. तो वाचला नाही. या माणसांवरही लिहा, ही कळकळीची विनंती.