ऑक्सिटोसिनला प्रेमाचे श्रेय देण्याआधी

आमच्या गावच्या व्हॉट्सॲप गटांवर आता सकाळच्या शुभेच्छांबरोबर ‘जवळच्या माणसाला वीस सेकंद मिठी मारा, ऑक्सिटोसिन वाढते, ताण जातो’ असे संदेशही येऊ लागले आहेत. मिठीला माझा विरोध नाही. (आमच्याकडे कुणी वडिलांना वीस सेकंद मिठी मारली, तर ते आधी पोराची तब्येत विचारतील, ही गोष्ट वेगळी.) माझा आक्षेप एका रसायनाला ‘प्रेमाचे संप्रेरक’ ठरवून मोकळे होण्याला आहे. ज्यांच्या घरी दुभते जनावर आहे त्यांनी तरी हे सहजासहजी मान्य करू नये, कारण ऑक्सिटोसिनचे काम ते रोज पहाटे गोठ्यात पाहतात.

दूध तयार होण्यामागे प्रोलॅक्टिनसारखी दुसरी संप्रेरके असतात; ते खाली उतरवण्याचे काम ऑक्सिटोसिनचे. पारडू सडाला तोंड लावते किंवा धार काढणारा कास धुऊन चोळतो, तेव्हा ती संवेदना मेंदूच्या हायपोथॅलॅमस या भागापर्यंत पोहोचते, तेथे तयार होऊन मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीच्या मागच्या भागात साठलेले ऑक्सिटोसिन रक्तात सुटते, आणि कासेतील दुधाच्या सूक्ष्म पिशव्यांभोवतीच्या पेशी आकुंचन पावून दूध पुढे ढकलतात. म्हशीच्या कासेतील पोकळीत आधीपासून उतरलेले दूध गाईपेक्षा फार कमी असते, म्हणून ती पान्हावल्याशिवाय भांड्यात फारसे काही पडत नाही. गोठा बदलला, अनोळखी माणूस धारेला बसला किंवा कुणी काठी उगारली, की ती पान्हा चोरते; हा तिचा हट्ट नसून अशा वेळी मेंदू ऑक्सिटोसिन सोडतच नाही, आणि भीतीने वाढलेले ॲड्रिनॅलिन हे संप्रेरक उरलेसुरले काम अडवते. वासरू दगावले तर त्याच्या कातड्यात कुटार भरून ते गाईपुढे ठेवण्याची जुनी युक्ती अनेकांनी पाहिली असेल. ओळखीचा वास आला की गाय चाटू लागते आणि दूध देते. याचाच अर्थ, हे रसायन खरे वासरू आणि कुटार भरलेले कातडे यांत भेद करत नाही.

पुढची पायरी ऑक्सिटोसिनच्या इंजेक्शनची. पारडू उपाशी मरू द्यायचे आणि दोन्ही वेळा म्हशीला सुई टोचायची, हा प्रकार प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 12 खाली गुन्हा आहे, तरी तो थांबलेला नाही. रोजच्या सुईने जनावराचा नैसर्गिक पान्हा मंदावतो आणि पुढे सुईशिवाय ते दूध सोडेनासे होते. अशा दुधाने मुली लवकर वयात येतात, असे मात्र छातीठोकपणे सांगू नये. ऑक्सिटोसिन ही नऊ अमिनो आम्लांची, म्हणजे प्रथिनांच्या घटकांची, छोटी साखळी पोटात इतर प्रथिनांप्रमाणेच पचते आणि तो संबंध सिद्ध झालेला नाही. जनावराचे हाल एवढे कारण विरोधाला पुरेसे असताना खोट्या भीतीचा आधार कशाला हवा?

सुईने दूध येते, वात्सल्य येत नाही, यालाही शारीरिक कारण आहे. रक्तातील ऑक्सिटोसिन मेंदूत फारच थोडे शिरते. वर्तनावर परिणाम करणारे ऑक्सिटोसिन मेंदूच्या आतच, चेतापेशींकडून सुटते. मेंढ्यांवरील प्रयोगांत ते मेंदूत पोहोचवल्यावर परक्या कोकराला जवळ घेण्याची वृत्ती दिसली. पण ज्याने मेंढ्या-बकऱ्या राखल्या आहेत त्याला दुसरी बाजूही ठाऊक असते: व्याल्यानंतर थोड्याच वेळात आईला आपल्या पिलाचा वास पक्का होतो आणि मग दुसऱ्याचे पिलू दुधाला आले की ती त्याला शिंगाने उडवते. माया आणि ती धडक एकाच ओळखीतून येतात. माणसांवरही नेदरलँड्समध्ये 2010 साली असा प्रयोग झाला. नाकात ऑक्सिटोसिनचा फवारा दिलेल्या पुरुषांत स्वतःच्या गटाविषयीचा विश्वास वाढला, तसेच बाहेरचा गट धोक्याचा वाटल्यास त्याच्याविरुद्धचा बचावात्मक पवित्राही वाढला. भावकीत जीव टाकणारा माणूस वस्तीपलीकडच्याला पाण्याच्या टाकीवर उभे राहू देत नाही, याचे आश्चर्य मला म्हणूनच वाटत नाही. अर्थात त्याचे खापर मी रसायनावर फोडणार नाही. आपला कोण आणि परका कोण, हे त्याला गावाने शिकवलेले असते.

फवाऱ्याच्या प्रयोगांवरही फार विसंबू नये. 2005 मध्ये झुरिचच्या संशोधकांनी फवाऱ्याने विश्वास वाढतो असे दाखवले आणि जगभर गाजावाजा झाला. नंतरच्या मोठ्या प्रयोगांत तो परिणाम तसा मिळाला नाही. स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांना महिनोन्‌महिने फवारा देऊन पाहिलेल्या आणि 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीतही सामाजिक वागणुकीत लाभ दिसला नाही. प्रेअरी व्होल या जोडीने राहणाऱ्या उंदरासारख्या प्राण्याच्या तर जोडीचे गुपितच ऑक्सिटोसिन मानले जाई, पण 2023 मध्ये ज्यांच्यातील ऑक्सिटोसिनचे ग्राहक (पेशींवरील ते ओळखणारे रेणू) जनुकीय बदलाने काढून टाकले होते, त्या प्राण्यांनीही जोड्या जमवल्या.

ज्या कामाबद्दल शंका नाही, त्याची चर्चा मात्र आपल्याकडे होत नाही. हेन्री डेल यांनी 1906 मध्येच पिट्युटरीच्या अर्काने गर्भाशय आकुंचन पावते हे दाखवले होते, आणि व्हिन्सेंट द्यु विन्यो यांनी ऑक्सिटोसिन प्रयोगशाळेत घडवले म्हणून त्यांना 1955 चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. बाळंतपणानंतर गर्भाशय आवळले नाही तर उघड्या रक्तवाहिन्यांतून रक्त वाहत राहते. ते रोखण्यासाठी बाळ जन्मताच आईला 10 युनिट ऑक्सिटोसिन द्यावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. कळा लवकर याव्यात म्हणून घरी कुणा अप्रशिक्षिताने हीच सुई देणे मात्र जिवावर बेतते, कारण अनियंत्रित कळांनी गर्भाशय फाटू शकते आणि बाळाचा प्राणवायू तुटू शकतो. 2018 मध्ये गोठ्यातील गैरवापर थांबवण्यासाठी केंद्र सरकारने खासगी कंपन्यांना देशांतर्गत वापरासाठी हे औषध बनवण्यास मनाई केली. मातांना औषध कमी पडेल हा धोका लक्षात घेऊन दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तो निर्णय रद्द केला. पुढे वाद सर्वोच्च न्यायालयात गेला.

हे औषध साधारणतः 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये ठेवावे लागते आणि आपल्या विदर्भात मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो. दुपारभर वीज गेली तर आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या फ्रीजला इन्व्हर्टर आहे का, तापमानाची नोंद दोन्ही वेळा होते का, हे येत्या ग्रामसभेत लेखी विचारण्याचे मी ठरवले आहे. ज्यांना त्या अर्जावर सही करायची असेल त्यांनी खाली कळवावे.